रिकाम्या अ‍ॅमेनिटी स्पेसवर भाजीचे वाफे आणि शेतकरी बाजार: व्हावेत की नकोत?

वारजेकर

आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून अर्धा एकर जागा आहे. लेआउट मंजूर करून घेताना बिल्डरने अ‍ॅमेनिटी स्पेस, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठीची जागा, म्हणून सोडलेली. मी नऊ वर्षं इथे राहतोय आणि नऊ वर्षं तिथे तेच आहे: पत्र्याचं कुंपण, सार्वजनिक मालकीचा गंजलेला फलक आणि आत छातीएवढं गाजरगवत. रात्री अकरानंतर टेम्पो येतात, राडारोडा ओततात आणि जातात.

२०२१ मध्ये अशा जागा दीर्घ मुदतीच्या भाडेकराराने खासगी संस्थांना देण्याचा प्रस्ताव पुणे महापालिकेत आला, तेव्हा शहरभर विरोध झाला. सह्या गोळा करणाऱ्यांत मीही होतो. पण विरोध करून आपण घरी गेलो. त्या जागांचं करायचं काय, हे आपण बोललोच नाही. रिकामी जागा कोणीतरी बळकावतंच, आज राडारोडावाले, उद्या आणखी कोणी.

माझं म्हणणं असं. निम्म्या जागेत वाफे पाडावेत, दहा बाय दहाचे. आसपासच्या लोकांना सोडत काढून अकरा महिन्यांसाठी द्यावेत. उरलेल्या निम्म्या जागेवर मुरूम टाकून दर रविवारी शेतकरी बाजार भरवावा. खताचा प्रश्न नाही. आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत होतं आणि ते न्यायला कोणी नाही, म्हणून पार्किंगमध्ये एकोणीस पोती रचून ठेवली आहेत. काल मी एक पोतं सोडून पाहिलं. आत काळंभोर, भुसभुशीत, पावसाळ्यातल्या मातीचा वास. अशी माती विकत मिळत नाही, आणि भिंतीपलीकडे अर्धा एकर उघडा पडलाय.

विरोध असेल तर मोकळेपणाने मांडा.

मंडईची लेक

विरोध आहे. वाफ्यांना नाही, बाजाराला.

माझी आई २७ वर्षं भाजी विकतेय. परवाना आहे, प्रमाणपत्र आहे. पहाटे साडेतीनला उठते, चार जणी मिळून एक टेम्पो करतात, गुलटेकडीला मार्केट यार्डातून माल घेतात आणि सातच्या आत हातगाडी लावतात. आमच्या भागात तीन वर्षांपूर्वी मोकळ्या मैदानावर रविवारचा शेतकरी बाजार सुरू झाला. मंडप, वीज, पाण्याचा नळ, गाड्या लावायला जागा, सगळं आलं. तेव्हापासून आईची रविवारची विक्री निम्म्याच्या खाली आली, आणि लोक आठवड्याची भाजी भरून नेतात म्हणून सोमवारही गेला. त्याच मैदानाच्या कोपऱ्यावर ती आधी उभी राहायची. बाजार आल्यावर तिला तिथून हलवलं.

तुमच्याकडे मंगळवारी रात्री आठला पाहुणे आले तर कोथिंबीर कोण देतं? महिनाअखेरीला वहीवर लिहून कोण देतं? रविवारचा बाजार नाही देत.

२०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो की शहर फेरीवाला समितीत ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे हवेत आणि सर्वेक्षण होईपर्यंत कोणाला हलवू नये. म्हणजे सार्वजनिक जागेवर विक्री कुठे करायची, हे ठरवताना आम्हाला विचारणं हा आमचा हक्क आहे. तुमच्या धाग्यात अर्धा एकर वाटून झाला आणि आमचं नावही नाही.

पुरंदरचा शेतकरी

ताई, तुमच्या आईचं खरं आहे. आता माझंही ऐका.

गेल्या श्रावणात मेथीच्या ५०० जुड्या यार्डात पाठवल्या. शेकडा ४०० ने गेल्या. टेम्पोभाडं आणि हमाली वजा होऊन १३०० हातात आले. काढणीला चार बाया होत्या, त्यांची मजुरी १४००. मेथी विकून शंभर रुपये खिशातून घातले. बियाणं, पाणी, माझे दिवस धरलेच नाहीत. त्याच संध्याकाळी कोथरूडला राहणाऱ्या भाच्याने २० रुपयांना जुडी घेतली.

२०१६ मध्ये सरकारने फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला. बाजार समितीच्या आवाराबाहेर माल विकायची मोकळीक मिळाली, आडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, तीही शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरली. पण आवाराबाहेर म्हणजे कुठे? पुण्यात माझी वीतभर जागा नाही. रस्त्यावर टेम्पो उभा केला की पावती फाडतात. मोकळीक कागदावर आहे, टेकायला जमीन नाही. म्हणून वारजेकरांचा अर्धा एकर मला मोलाचा वाटतो.

निवृत्त अभियंता

माझा वाफ्यांनाच विरोध आहे. आयुष्यभर बांधकामं केली, म्हणून जमिनीखाली काय असतं ते ठाऊक आहे. नऊ वर्षं राडारोडा पडलेल्या जागेत सिमेंट, जुना रंग, फरशीचे तुकडे, ट्यूबलाइटच्या काचा दोन-तीन फुटांपर्यंत मिसळलेल्या असतात. जुन्या तैलरंगात शिसं असायचं. तिथली पालक तुम्ही नातवंडांना खाऊ घालणार का? मातीची तपासणी आधी, आणि तरीही जमिनीत नाही, वर विटांचे वाफे बांधून बाहेरची माती भरूनच लागवड. हा खर्च कोण करणार?

दुसरं, पाणी. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या भागात पिण्याच्या पाण्यावर टोमॅटो वाढवणं मला पटत नाही.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. अ‍ॅमेनिटी स्पेस शाळा, दवाखाना, अग्निशमन केंद्र अशा गोष्टींसाठी असते. आज हौसेने वाफे दिले आणि पाच वर्षांनी तिथे प्रसूतिगृह करायचं ठरलं, तर वाफेवाले स्थगिती आणतील. सार्वजनिक जागा चाळीस कुटुंबांच्या परसबागेला देणं आणि ती एका संस्थेला भाड्याने देणं, यात मला तत्त्वाचा फरक दिसत नाही. दोन्हीकडे कुंपणाबाहेरचा माणूस बाहेरच राहतो.

आजी, कर्वेनगर

मी ७१ वर्षांची आहे. भोरजवळच्या गावातून मुलाकडे राहायला आले. सोसायटीच्या कुंपणाला घेवड्याचे चार वेल लावले होते. जांभळी फुलं आली, शेंगा धरल्या. सोसायटीच्या सभेत ठराव झाला की कुंपणाची शोभा जाते, आणि माळ्याने ते उपटले. त्या शेंगांतल्या मूठभर बिया मी डब्यात जपल्या आहेत. मला अर्धा एकर नको. माझ्या हातांना काम द्यायला चार हात माती द्या.

वारजेकर

आजींच्या पोस्टनंतर बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

अभियंता काका, मातीचं तुमचं म्हणणं मान्य. खणून लागवड नाही, वर बांधलेले वाफेच, आणि माती भरण्याआधी तपासणी. आमची एकोणीस पोती त्यातच जातील. पाण्यासाठी छपरावरचं पावसाचं पाणी टाक्यांत साठवता येईल, पण मार्च ते मे ते पुरणार नाही. तेव्हा लागवडच करायची नाही. गावातही कोरडवाहू शेत उन्हाळ्यात पडीक असतं.

जागा दवाखान्यासाठी राखून ठेवायचा मुद्दा मात्र मला पुरता पटत नाही. दवाखाना होणार असेल तर उद्या व्हावा, मी स्वतः वाफा रिकामा करून देईन. करारात तसं लिहून घ्या. पण महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे वर्षानुवर्षं प्रशासकच होता. त्या काळात दवाखान्याचा आग्रह कोणाकडे धरायचा होता? न झालेल्या दवाखान्यासाठी जागा गाजरगवताला राखून ठेवायची का?

मंडईच्या लेकीला मात्र माझ्याकडे आज उत्तर नाही. तुम्ही म्हणालात, तुमचं नावही नाही. खरंच नव्हतं.

पुरंदरचा शेतकरी

आणखी एक गोष्ट राहिली. शेतकरी बाजार म्हणून जे भरतात त्यातले सगळे शेतकरी नसतात. मी एका बाजारात दोन वर्षं बसलो. माझ्या शेजारी एकाच टेबलावर सफरचंद, अननस आणि मटार, वर 'थेट शेतातून'. तो माणूस रात्री यार्डात माल भरायचा. मी एकटा माणूस, मेथी आणि वांगी घेऊन बसलेला. गिऱ्हाईक त्याच्याकडेच जाणार, कारण त्याच्याकडे सगळं मिळतं.

आंध्रात १९९९ मध्ये रयतु बाजार सुरू झाले, त्याच वर्षी तामिळनाडूत मदुराईपासून उळवर संदै; दोन्ही शेतकऱ्यांचेच बाजार. दोन्हीकडे सरकारने जागा दिली आणि दोन्हीकडे शेतकऱ्याला फोटोचं ओळखपत्र दिलं. गावात येऊन पीक पाहून ते देतात. त्याशिवाय बसता येत नाही. आपल्याकडे २०१६ मध्ये सावता माळींच्या नावाने आठवडे बाजाराचं अभियान झालं, नाव फार चांगलं दिलं, पण सातबारा पाहून शेजारी कोण बसवायचा हे ठरवणारा माणूस प्रत्येक बाजारात लागतो. तो नसेल तर मोकळी जागा व्यापाऱ्याला आंदण जाते, माझंही नुकसान आणि ताईंच्या आईचंही.

आणि खरं सांगतो, दर रविवारी यायला मला जमतही नाही. शनिवारी काढणी, रात्री जुड्या बांधणं, रविवारी अख्खा दिवस बसणं. सोमवारी शेतात कोण जाणार?

मंडईची लेक

दादा, तुमचे शंभर रुपये वाचून वाईट वाटलं. पण २० रुपयांच्या जुडीत १६ रुपये आईचे नसतात. यार्डातून ती जुडी तिच्या हातात येईपर्यंत ८-९ ची झालेली असते. दिवसभर गोणपाटावर पाणी मारत बसावं लागतं, आणि दुपारी तीननंतर मेथी पिवळी पडायला लागते. शंभरातल्या वीस-पंचवीस जुड्या संध्याकाळी गायीला घालाव्या लागतात.

ज्या मंडईजवळ आम्ही वाढलो तिची इमारत १८८६ मध्ये झाली. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरायचा. जोतीराव फुले नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांनी त्या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता, हा पैसा शिक्षणावर लावा म्हणून. आज तिला त्यांचंच नाव आहे. जागा आणि पैसा सगळ्यांचा असेल तर आधी कोणाची गरज भागवायची, हे त्यांनी विचारलं होतं. मीही तेच विचारतेय.

वारजेकर

ताई, दादा, तुम्हा दोघांचं वाचून एक सुचतंय. चुकत असेल तर सांगा.

रविवारचा बाजार नकोच. मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे पाच ते सात शेतकऱ्यांचे टेम्पो थेट या जागेवर यावेत, आणि माल परिसरातल्या परवानाधारक विक्रेत्यांनीच घ्यावा. आम्ही रहिवासी नाही. पुण्याजवळ मांजरी गावच्या उपबाजारात शेतकरी थेट किरकोळ विक्रेत्याला माल देतो, तसंच, फक्त छोटं आणि घराजवळ. सात वाजता जागा झाडून मोकळी. मग दिवसभर मुलांना खेळायला, वाफेवाल्यांना वाफ्यांकडे जायला.

निवृत्त अभियंता

हे आधीच्यापेक्षा बरं आहे, कारण यात पक्कं बांधकाम नाही आणि हक्क कोणाचाच तयार होत नाही. वाफ्यांना माझा विरोध कायम. पण पहाटे पाचला टेम्पो आले की पहिली तक्रार तुमच्याच सोसायटीतून जाईल. आधी तिथे ठराव करून घ्या.

मंडईची लेक

आईला वाचून दाखवलं. तिने दोनच गोष्टी विचारल्या. एक, काटा कोणाचा? दुसरी, पावसाळ्यात छप्पर असेल का? टेम्पोचं भाडं वाचलं आणि साडेतीनऐवजी साडेचारला उठायला मिळालं तर ती येईल. पण सहा महिन्यांनी तिथे रहिवाशांसाठी रविवारचे स्टॉल लागणार नाहीत, हे कागदावर हवं, आणि त्या कागदावर आमच्याही सह्या हव्यात. तोपर्यंत माझा विरोध मागे घेत नाही.

पुरंदरचा शेतकरी

जुडीला काटा लागत नाही, पण वांगी-टोमॅटोला लागेल. काटा विक्रेत्यांचाच ठेवा, मला चालेल. मला एवढंच हवं की निदान वीस जणी ठरलेल्या दिवशी येतील. पाच ठिकाणचे पाच शेतकरी आलो आणि दोनच जणी आल्या तर माल परत नेता येत नाही. येत्या शुक्रवारी माझी शेपू निघतेय, साधारण २०० जुड्या. ताई, आईंना विचारून किती जणी घेतील ते गुरुवारी दुपारपर्यंत कळवा. तेवढ्याच काढतो.