‘चेकआउट’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न (कोपरखैरणे): खरेदी आणि हॉटेल बुकिंग असं दोन्ही असलेल्या अ‍ॅपचं मराठीकरण चालू आहे. ‘चेकआउट’ बटणावर ‘पैसे भरा’ चालेल का? आणि ‘तो तिला चेकआउट करत होता’ यातला अर्थ कुठून आला?

नौपाडा, ठाणे: ‘चेक’ हा फारसी ‘शाह’चा फ्रेंचमार्गे आलेला वंशज. बुद्धिबळातला आपला ‘शह’ त्याचाच भाऊबंद. राजाला शह देणे, त्यावरून अडवणे, त्यावरून अडवून तपासणे. पुढे ‘आउट’ लागलं की हिशेब करून बाहेर पडणे. लॉजवर खोलीचं बिल, दुकानात टोपलीतला माल, अमेरिकेत लायब्ररीचं पुस्तक, सगळीकडे आधी नोंद, मग दार.

न्याहाळण्याचा अर्थ ‘तपासून बघ’ या फाट्यावरचा. ‘चेक धिस आउट’ म्हणजे नुसतं ‘हे बघ’. माणसाला लावलं की वरपासून खालपर्यंत न्याहाळणं, तेही आवडीनं. मुंबईच्या बोलीत ‘ताडणे’ म्हणतात, पण प्रमाण मराठीत ताडणे म्हणजे अंदाजानं ओळखणे, तेव्हा लिहिताना जपून. तिसरा अर्थ, ‘ही हॅज चेक्ड आउट’: माणूस मीटिंगमध्ये, मन घरी. त्याला ‘लक्ष उडालंय’ पुरे.

वाशी: दुकानात आपण हा शब्द वापरतो कुठे? ‘तू बिलिंगला उभी राहा, मी दूध घेऊन येतो’ असंच बोलतो. चेकआउट फक्त लॉजवर (‘दहाचं चेकआउट आहे, आवरा’) आणि मोबाइलवर.

ऐरोली: ‘पैसे भरा’ नको. बटण दाबल्यावर पैसे जात नाहीत. आधी पत्ता, मग डिलिव्हरीची वेळ, कूपन, पेमेंटचा प्रकार आणि सगळ्यात शेवटी ‘ऑर्डर द्या’. माल हातात आल्यावर रोख देणारा ‘पैसे भरा’ वाचूनच बिचकतो. शिवाय पुढे यूपीआयच्या पायरीला तेच शब्द लागणार, म्हणजे एका नावाची दोन बटणं.

‘बिल बघा’ करा. छोटं आहे, बटणात मावतं आणि खरंही आहे. फक्त मग एकूण रक्कम त्याच पानावर पूर्ण दिसली पाहिजे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या मांडणीचे 13 प्रकार आहेत, त्यातले दोन नेमके इथे घडतात: न विचारता देणगी किंवा विमा टोपलीत सरकवणे (बास्केट स्नीकिंग) आणि जादा आकार शेवटपर्यंत दडवणे (ड्रिप प्रायसिंग).

प्रश्नकर्ता: ‘बिल बघा’ पटलं. पण तेच हॉटेलच्या पानावरही उमटलं! ‘बिल बघा: सकाळी 10’.

ऐरोली: दोन्हीकडे एकच स्ट्रिंग-की (स्क्रीनवरच्या मजकुराच्या तुकड्याला, म्हणजे स्ट्रिंगला, कोडमध्ये दिलेलं नाव) असणार. डेव्हलपरला वेगळ्या करायला सांगा, एक खरेदीच्या बटणाची, एक हॉटेलच्या वेळेची. हॉटेलला ‘चेकआउट’च राहू दे, ‘खोली सोडण्याची वेळ’ मोबाइलवर दोन ओळी खातं. डेव्हलपर कुरकुरला तर गिटची (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर) आठवण करून द्या: तिथेही ‘चेकआउट’ ही एकच कमांड शाखा (कोडची समांतर आवृत्ती) बदलायची आणि फाइल पूर्ववतही करायची. गोंधळ नको म्हणून 2019 मध्ये 2.23 आवृत्तीत ‘स्विच’ आणि ‘रिस्टोअर’ अशा दोन वेगळ्या आणल्या.

नौपाडा, ठाणे: आणि यापुढे स्क्रीनशॉट मिळाल्याशिवाय एकही स्ट्रिंग हातात घेऊ नका. इंग्रजीत नाम एकत्र लिहितात आणि क्रियापद तोडून, पण बटणांवर तो नियम कुणी पाळत नाही. नुसत्या स्पेलिंगवरून अर्थ लागणार नाही.