दुसऱ्या ताईंचं बघून केलेलं कार्ड विकावं का? (२२ झालीत, ३८ बाकी)

कात्री_उदगीरची

नमस्कार मंडळी. इथं वाचायला रोज येते, लिहायला पहिल्यांदाच.

मी उदगीरला एका पतसंस्थेत कॅशवर बसते. दिवसभर नोटा मोजायच्या आणि रात्री भांडी आवरली की ओट्यावर पेपर अंथरून कार्डं करायची, हा माझा ६ वर्षांचा उद्योग. आधी भाच्यांचे वाढदिवस, मग नणंदेच्या लेकीचं बारसं, मग शेजारच्या सरांचा निरोप समारंभ. पैसे कधी घेतले नाहीत. कागद लातूरहून आणते. गंजगोलाईत एका दुकानात ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, पांढरा कार्डशीट मिळतो, ए-फोर. मधून कापला की एका शीटची दोन कार्डं.

गेल्या दिवाळीत मोबाईलवर एका ताईंचं कार्ड दिसलं. कार्ड म्हणजे वाड्याचं दार. दोन फळ्या मधून उघडायच्या, बाहेर कडी, कडीला पिवळा दोरा गुंडाळलेला. उंबऱ्यावर टाचणीच्या टोकाएवढ्या ठिपक्यांची रांगोळी. दार उघडलं की आत पणती, आणि तिची ज्योत क्विलिंगची, ३ मिलिमीटरची पट्टी गुंडाळून थेंबासारखी चिमटलेली. मी बघतच बसले, तिकडं दूध उतू गेलं. मग तसंच्या तसं केलं. दाराचा रंगसुद्धा तोच यावा म्हणून कागद चहाच्या पाण्यात बुडवून पंख्याखाली वाळवला.

ते जाऊबाईंना दिलं. त्यांनी भिशीत दाखवलं. आणि आता संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून ६० कार्डं पाहिजेत, एकाचे ४५ रुपये. मी हो म्हणून बसले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या कागदकामाला पैसे देत होतं, नाही कसं म्हणू?

२२ झालीत. एकाला पाऊण तास जातो. परवा ज्योत चिमटताना सारखी फाटायली म्हणून त्या ताईंचा व्हिडिओ पुन्हा काढला, तर खाली ओळ दिसली, "घरी करून बघा, कुणालाही द्या, पण विकू नका." पोटात गोळाच आला. ती ओळ आधी होती का नव्हती, देव जाणे. बहुतेक होतीच, मीच खाली बघितलं नसेल.

आता या २२ चं काय करू? आणि बघून करायचंच नाही म्हटलं तर माझ्यासारखीनं शिकायचं कुठून? उदगीरला याचे क्लास नाहीत. जे आलं ते बघूनच आलं.

---

परभणीचा_दादा

ताई, उगं कामून जीव घाबरा करून घ्यायलात? दाराची काय मालकी असती का? आमच्या आज्याच्या वाड्याला बी तसलंच दार होतं, कडी बी होती. ६० बायका संक्रांतीला कार्ड घरी नेणार, तिळगूळ खाणार, कार्ड टीव्हीवर ठेवणार. त्या ताईला कोण सांगाया जातंय? बिनधास्त करा. ३८ करून टाका, आणि पुढच्या टायमाला ५५ रुपये सांगा. पाऊण तासाचे ४५ म्हणजे तुम्ही स्वतःलाच लुटायलात.

---

नांदेडची_पट्टी

दादांचं भावाबद्दलचं बरोबर. बाकी नाही.

माझ्यावर दुसऱ्या बाजूनं ही वेळ आलेली आहे, म्हणून लिहिते. मी एक कार्ड केलं होतं. केळीच्या पानावर नैवेद्याचं ताट, सगळं क्विलिंगचं. आमच्याकडं अर्धापूरच्या केळी, त्यामुळं पान डोळ्यासमोरच असतं. भाताची मूद, वरण, पुरणपोळी आणि लिंबाची फोड. घाईत मी लिंबू उजवीकडं चिकटवलं. ताटात ते डावीकडं असतं हे आपल्याला लहानपणापासून माहीत, पण हात चुकला. फोटो टाकल्यावर आईनं फोन करून झापलं.

वर्षभरानं एका प्रदर्शनात तेच कार्ड विकायला. मला आधी वाटलं, असेल योगायोग. नैवेद्य काय माझा एकटीचा? मग बघितलं, लिंबू उजवीकडं. माझी चूकसुद्धा उचलली होती! राग पैशाचा नव्हता. माझ्या आईची शिवी मी खाल्ली आणि कार्ड तिचं झालं, असं काहीतरी वाटलं.

आता कात्रीताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं. बघून शिकायला कुणीच नाही म्हणत नाही. परदेशातल्या कार्डवाल्यांत त्याला 'केस करणं' असा शब्दच आहे. 'कॉपी अँड शेअर एव्हरीथिंग', त्याची आद्याक्षरं. त्यात कुणाचं बघून केलं ते सांगायचं, हे धरूनच चालतात. शिवाय 'स्केच' म्हणून एक प्रकार असतो. कुणीतरी नुसते चौकोन आणि गोल काढून देतं, इथं फोटो, इथं पट्टी, इथं अक्षरं. मग त्या एका सांगाड्यावर शंभर जणी शंभर कार्डं करतात आणि एकही दुसरीसारखं दिसत नाही. मी तेच करते. दुसरीच्या कार्डातून एकच गोष्ट घेते. घडी घेतली तर रंग माझे. रंग घेतले तर विषय माझा. तुमच्या दारात तुम्ही घडी, विषय, रंग, रांगोळी आणि तो पिवळा दोरासुद्धा घेतला. दोरा तरी सोडायचा!

---

अंबाजोगाईचा_काळा_कोट

मी वकील. बायको कार्डं करते, त्यामुळं घरात गोंद आणि खटले दोन्ही. हा सल्ला फुकटचा आहे, त्याच भावानं घ्या.

परभणीच्या दादांचं अर्धं बरोबर आहे. दाराची मालकी कुणाचीच नाही. आपल्याकडं कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. तो कल्पनेला संरक्षण देत नाही, ती कल्पना ज्या रूपात मांडली त्या रूपाला देतो. 'उघडणाऱ्या दाराचं कार्ड' ही कल्पना. कडीचा दोरा, ठिपके, ज्योतीचा आकार, हे सगळं मिळून झालं ते रूप. त्यासाठी कुठं नोंदणी करावी लागत नाही. कलाकृती फार कलात्मक असावी अशीही अट नाही. आणि हक्क करणाऱ्याच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं.

१९७८ मध्ये सुप्रीम कोर्टापुढं एक प्रकरण होतं, आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स. नाटकावरून सिनेमा उचलला अशी तक्रार. तिथं कसोटी सांगितली ती साधी आहे. दोन्ही बघणाऱ्याला दुसरं हे पहिल्याची नक्कलच आहे असं स्वच्छ वाटतं का? कात्रीताई, तुमचं कार्ड आणि त्या ताईंचं कार्ड शेजारी ठेवून जाऊबाईंना विचारा. त्या वकील नाहीत हेच बरं.

'तीन बदल केले की आपलं' असं बायकांच्या ग्रुपात फिरतं. ते कुठल्या कलमात नाही. रबर स्टॅम्पवाल्यांचं थोडं वेगळं असतं. त्यांच्यातल्या बऱ्याच कंपन्या 'एंजल पॉलिसी' ठेवतात, म्हणजे आमचा शिक्का हातानं मारून केलेलं कार्ड विका, पण यंत्रावर छापू नका. परवानगी असली तर लिहिलेली असते. तुमच्या बाबतीत मनाई लिहिलेली आहे.

६० कार्डांवरून कुणी कोर्टात जात नाही हेही खरं. पण तुम्ही ते विचारलंच नव्हतं.

---

कात्री_उदगीरची

पट्टीताई, लिंबावर हसले आणि मग हसू गिळलं. दोरा तर मी मुद्दाम त्याच पिवळ्याचा शोधला होता, तीन दुकानं फिरून.

जाऊबाईंना विचारलं. दोन्ही बघून म्हणाल्या, "दोन्ही तूच केलीस ना?" घ्या आता.

त्या दारवाल्या ताईंना रात्री लांबलचक मेसेज केला. चार वेळा खोडला. शेवटी सरळ लिहिलं, चूक झाली, २२ झालीत, सांगा काय करू. अजून बघितला नाही त्यांनी. आणि इकडं कार्डं बूटांच्या खोक्यात पडलीत, पोरगं विचारतंय दारं कधी उघडायची.

---

हिमरूवाली_आजी

पोरी, मी संभाजीनगरची, ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. मेसेज केलास ते बरं केलंस. आता उत्तराची वाट बघत बसू नकोस, हात चालू ठेव.

नक्कल वाईट नाही. पैठणला मागावर बसलेल्या माणसाला विचार, बांगडी मोर कुणाचा? आसावलीची वेल कुणाची? मुनिया पोपट, नारळी काठ? कुणाचेच नाहीत आणि सगळ्यांचे आहेत. पिढ्यानपिढ्या तेच विणतात, तरी दोन विणकरांचा मोर एकसारखा येत नाही. मी पोरांना अजिंठ्याला नेत असे ती छतं दाखवायला. एक आणि दोन नंबरच्या लेण्यांत मान वर करून बघ, चौकोनाचौकोनात कमळं, वेली, फळं. वहीत काढायला लावायची. त्या चित्रकारांना विचारायला जायची सोय नाही, आणि गरजही नाही. घ्यायचं तर तिथून घे, पोटभर. जिचा फोन नंबर आहे तिचं घ्यायचं तर तिला विचारून घे. माझ्यापुरता एवढाच हिशेब.

आणि एकदा तो गुळगुळीत कार्डशीट सोड. दौलताबादहून खुलताबादला जाताना कागजीपुरा लागतं. तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली तेव्हाच्या काळापासून तिथं हातकागद होतो असं सांगतात, चिंध्यांच्या लगद्याचा. हातात घेतलास की कळेल, त्याला स्वतःचं अंग आहे. पण त्याचे नखरे ऐक. कात्रीनं कापू नकोस. स्टीलची पट्टी ठेव, ओल्या ब्रशनं पट्टीच्या कडेनं दोनदा रेघ ओढ, क्षणभर थांब आणि पट्टीला दाबून फाड. कड अशी पिंजल्यासारखी सुटते. घडी घालायच्या आधी संपलेल्या रिफिलनं रेघ दाबून घे, नाहीतर घडीवर तंतू फुटतात. फेव्हिकॉल पातळ करू नकोस, तो कागद पाणी पितो आणि पापडासारखा वाकडा होतो. शाईपेन तर त्यावर नकोच, पसरतं. बॉलपेन नाहीतर पोस्टर कलर.

दारात पणती तिची. तुझ्या घरात काय आहे ते बघ.

---

कात्री_उदगीरची

उशीर झाला, येळवस (वेळ अमावस्या) होती. पूर्ण घरदार शेतात.

त्या ताईंचं उत्तर चौथ्या दिवशी आलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, झालेली २२ कुणालाही भेट द्या, मागं माझं नाव लिहा, विकू नका. आणि ज्योत फाटते कारण पट्टी फार घट्ट गुंडाळताय, थोडी सैल सोडून मग चिमटा. मी फोन ठेवून एक ज्योत केली. नाही फाटली.

मग भिशीवाल्यांना फोन. मला वाटलं होतं ३८ वेगळी करून देऊ आणि २२ चे पैसे सोडू. तर त्या म्हणाल्या, "वाण सगळ्यांना सारखंच पाहिजे, नाहीतर आमच्यात भांडणं लागतील." म्हणजे नवीन ६०! मी कपाळाला हात लावला.

येळवशीला शेतातल्या कोपीत, म्हणजे खोपटात, बसले होते. भज्जी, उंडे, आंबिल पोटात, डोळे जड. दीर आंबिलाचं रिकामं बिंदगं (मडकं) घेऊन चालले होते, आणि मला एकदम सुगड दिसलं. सुगडाचं कार्ड! खाली खाकी कागदाचा खिसा, मडक्याच्या आकाराचा. वरून चार चिठ्ठ्या डोकावतात, ऊस, गाजर, बोर आणि हरभऱ्याचा घाटा. चिठ्ठी उपसली की मागं शुभेच्छा. खिशात तिळगुळाची पुडी मावते. खिशाची घडी मी एका व्हिडिओतूनच घेतली, तसं मागं लिहिते, म्हणजे पट्टीताईंच्या हिशेबात एकच गोष्ट झाली. बाकी सगळं आमच्या देव्हाऱ्यासमोरचं.

पहिलं केलं ते सासूबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "हे सुगड हाय का हेल्मेट?" पोट फार फुगलं होतं, मान नव्हतीच. मग कपाटातून खरं सुगड काढलं, कागदावर आडवं धरून पेन्सिलीनं कडेनं गिरवलं. मान आली. आता एकाला २५ मिनिटं लागतात, १९ झालीत. दादा, भाव ५० सांगितला. ५५ म्हणायला जीभ वळली नाही. काळ्या कोटवाल्या भाऊंचेही आभार, जाऊबाईंना आता कुठलंच कार्ड दाखवणार नाही. आजी, खिसा कागजीपुऱ्याच्या कागदाचा करायचा होता, पण आता जायला वेळ नाही. संक्रांत डोक्यावर आलीय.

एक अडचण आहे. घाटा नीट येईना. हिरवी पट्टी बदामासारखी चिमटते, पण हरभऱ्यासारखा टपोरा दिसत नाही, मिरचीच वाटते. कुणी सांगा ना लवकर.

---

नांदेडची_पट्टी

३ मिलिमीटरची पट्टी घेतलीस ना? ५ ची घे. दोन पट्ट्या शेवटाला शेवट चिकटवून लांब कर, सैल गुंडाळ, एकाच टोकाला चिमट, दुसरं गोलच राहू दे. मग मागून बोटानं हळूच ढकल, घुमटासारखं वर येईल. आतल्या बाजूनं फेव्हिकॉलचं एक बोट फिरव आणि वाळेपर्यंत हात लावू नकोस. चिमटलेल्या टोकाला बारीक शेपूट कापून लाव, घाट्याला असते तशी. देठाकडं दोन पोपटी पाकळ्या लाव, त्याशिवाय मिरचीच दिसणार.