शब्दचर्चा: पीट, जळीत आणि वणव्याचा वण

विचारणा

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात भूगोल शिकते. शाहूवाडी तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत मुलं आणि वनरक्षक यांच्यापुढं मराठीतून बोलायचं आहे. विषय असा की इंग्लंडमधल्या पीटच्या मूरवर, म्हणजे तिथल्या ओलसर, झुडपांच्या उघड्या रानावर, वणवा लागला, तर किती रान जळालं हे उपग्रहावरच्या रडारनं कसं कळतं. मी पहिलं वाक्य लिहिलं, ‘उपग्रहीय रडारद्वारे पीट-मूरवरील वणवाजन्य हानीचे संसूचन’. आजीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "पीट म्हणजे नर्सरीत रोपांना घालतात ते नारळाचं?" पुढच्या शब्दांकडं तिनं लक्षच दिलं नाही. पीट, मूर, संसूचन यांना काय म्हणावं?

उत्तर (राधानगरीकडचा निवृत्त शिक्षक)

ताई, आजींची शंका रास्त आहे. कोकोपीट हा नारळाच्या काथ्याचा भुसा. खरं पीट वेगळं. थंड, पाणी साचलेल्या जागी शेवाळ आणि झुडपं मरतात, पण पाण्याखाली हवा पोचत नाही म्हणून ती पुरती कुजत नाहीत. अर्धवट कुजलेला तो काळा थर वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतो. म्हणजे कमरेइतका थर साचायला हजार वर्षं लागतात.

शब्द ‘पीट’च ठेवा, पण पहिल्यांदा आला की ‘शेणीसारखी जळणारी माती’ असं सांगा. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये पीटच्या विटा कापून, वाळवून चुलीत घालायची जुनी रीत आहे, तेव्हा ही उपमा ओढूनताणून आणलेली नाही. गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाड टाकलं की भडका उडतो आणि संपतो. शेणी तशी जळत नाही. रात्री राखेखाली झाकलेला तिचा विस्तव पहाटे फुंकला की पुन्हा लाल होतो. मूरवरचं गवत आणि झुडपं चिपाडासारखी जळतात, खालचं पीट शेणीसारखं. म्हणून ‘वणवा विझला’ आणि ‘आग विझली’ ही दोन वाक्यं तिथं वेगळी ठेवावी लागतात. जून २०१८ मध्ये मँचेस्टरजवळच्या सॅडलवर्थ मूरवर आग लागली, तेव्हा अग्निशमन दलाच्या मदतीला लष्कर बोलवावं लागलं. वरची आग ‘पेटते’, पीट ‘धुमसतं’. हा फरक क्रियापदानंच दाखवा, त्यासाठी नवा शब्द घडवायची गरज नाही.

उत्तर (पन्हाळ्याकडचा)

मूरला ‘सडा’, म्हणजे खडकाळ पठार, म्हणायचा मोह होईल, तो टाळा. मसाई पठार डोळ्यांसमोर आणा. खाली जांभा, वर बोटभर माती, पावसाळ्यात पाणी आणि उन्हाळ्यात वाळलं गवत. ते पेटलं तरी खालचा दगड जळत नाही. मूरवर नेमकी खालची जमीनच जळणारी आहे. ‘माळरान’ म्हटलं की कोरडं रान मनात येतं. ‘पाणथळ माळ’ म्हणा.

उत्तर (उपग्रहाच्या चित्रांवर काम करणारा)

‘संसूचन’ सोडा. आपल्याकडं ‘हुडकणं’ आहे. कुणी म्हणेल, हुडकणं म्हणजे नुसता शोध, सापडणं त्यात येत नाही. मग ‘हुडकून काढणं’ लिहा.

मला जास्त काळजी ‘पाहणं’ या क्रियापदाची वाटते. रडार पाहत नाही, चाचपतं. साध्या कॅमेऱ्याला ढग आणि धूर आडवे येतात. रडार स्वतःच रेडिओलहरी खाली सोडतं आणि माघारी आलेला पडसाद मोजतं, त्यामुळं रात्र किंवा ढग त्याला अडवत नाहीत. २०१९ च्या महापुरातलं आभाळ आठवा. तशा ढगांखालीही रडारच्या चित्रात पुराचं संथ पाणी काळं उमटतं, कारण गुळगुळीत पाण्यावरून लहरी पुढं निघून जातात. नांगरलेलं रान ढेकळांमुळं उजळ उमटतं. खडबडीत की सपाट, ओलं की कोरडं, झाडोरा आहे की उघडं, हे त्याला कळतं. रंग कळत नाही.

त्यामुळं जळीत रान काळंच दिसेल असं मुलांना वाटू देऊ नका. झुडपं जळून गेली की पीट उघडं पडतं. कोरडं असेपर्यंत फरक पुसट राहू शकतो. पाऊस झाला की उघडी माती ओलावते, पडसाद जोरकस होतो आणि जळालेला पट्टा शेजारच्या रानाहून उजळ उठू शकतो. सेंटिनेल-१ या युरोपच्या रडार-उपग्रहांच्या मालिकेतला एक उपग्रह १२ दिवसांनी त्याच वाटेवरून जातो, म्हणून आगीआधीचं आणि नंतरचं चित्र घेऊन ताळा पाहता येतो. त्याची लहर साधारण साडेपाच सेंटिमीटरची आहे. जमिनीखाली खोल धुमसणारी आग तिला गवसत नाही, तेव्हा ‘किती खोल जळालं ते रडार सांगतं’ असं चुकूनही लिहू नका.

उत्तर (करवीर तालुक्यातला ऊस शेतकरी)

‘हानी’ऐवजी ‘जळीत’ घ्या की. ऊस पेटला की कारखान्याला आपण जळीत म्हणूनच कळवतो, गावात प्रत्येकाला समजतं. पण सगळं रान सारखं जळत नाही. कडेला नुसती झळ लागते, आत होरपळतं, मध्ये राख होते. हे तीन टप्पे नकाशात तीन रंगांनी दाखवा.

पुन्हा विचारणाऱ्या ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. मागं उरणाऱ्या खुणेसाठी मी ‘वण’ घेते. वणव्यातला वण म्हणजे वन आणि जखमेचा वण व्रणापासून आला. दोन्ही वेगळे आहेत, हे मुलांना फळ्यावर लिहून दाखवीन. नवं वाक्य असं: ‘पाणथळ माळावरचं पीट जळालं, तर त्या वणव्याचा वण उपग्रहावरचं रडार चाचपून हुडकून काढतं.’

आजीला हे एकदम पटलं. लगेच तिनं विचारलं, "शेणी राखेखाली धुमसते तर ती विझवतात कशी?" माझ्या टिपणात तो भाग नव्हता. असं पीट खणून, खालपर्यंत पाणी मुरवावं लागतं. ‘पाणी मारणं’ आणि ‘पाणी मुरवणं’ यांतला फरक आता तिथं घालते.