बघणं बदललं

आठ आठवड्यांच्या डिझाइन कोर्समधून सॉफ्टवेअरपलीकडे काही हाती लागतं का, असं तुम्ही विचारलंय. माझ्यापुरतं सांगते: बघणं बदललं.

मी बडोद्याची. घरी मराठी, बाहेर गुजराती. मांडवी ते न्यायमंदिर कितीदा गेले असेन, पण तिथल्या पाट्या नुसत्या वाचल्या होत्या, नीट पाहिल्या नव्हत्या. कोर्समध्ये दोन्ही लिप्यांत एका दुकानाची पाटी करायची होती. मी दोन्हींना एकच पॉइंट साइज, म्हणजे अक्षरांचं एकच माप, दिलं आणि झालं असं समजले. पण देवनागरीची शिरोरेषा अख्खा शब्द वरून बांधून धरते. गुजरातीला ती नाही. त्यामुळे मराठी ओळ जड दिसत होती, गुजराती अक्षरं सुटी-सुटी. मग जाडी बदल, आकार बदल, वरच्या-खालच्या मात्रा एकमेकींना भिडू नयेत म्हणून ओळींतलं अंतर वाढव. सहाव्या खेपेला मी घरी येऊन रडले. शिक्षक फक्त "पुन्हा बघ" म्हणायचे, त्याचा फार राग यायचा.

अकराव्या खेपेला सगळ्या प्रती भिंतीवर लावल्या आणि काय चुकतंय ते कुणी न सांगता मला दिसलं. तो क्षण मी जपून ठेवलाय.

याच शहरात १८९० साली सयाजीरावांच्या काळात कलाभवन ही कला आणि तंत्रशिक्षणाची संस्था सुरू झाली, दादासाहेब फाळके तिथेच शिकले. हे शाळेपासून ठाऊक होतं. आता त्याबद्दल जवळीक वाटते.

हल्ली ग्राहक "हे नको" म्हणाला की मी खचत नाही. "वाचताना कुठे अडलात?" एवढं विचारते. तुम्ही कोर्स करणार असाल तर फसलेल्या प्रती फेकू नका.