बाल्डर्स गेट आज खेळायचा तर पहिल्या भागापासूनच

तिसरा पहारा (धागाकर्ता)

२०२३ मध्ये बाल्डर्स गेट ३ हा संगणकावरचा रोल-प्लेइंग गेम आला आणि त्यानंतर बरेच जण जुन्या दोन भागांकडे वळले. त्यांना हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘पहिला भाग सोडा, थेट दुसरा घ्या’. मला हा सल्ला अजिबात पटत नाही. त्यावर नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा.

नव्यांसाठी थोडक्यात: बायोवेअरचा पहिला भाग डिसेंबर १९९८चा, त्याची पुरवणी ‘टेल्स ऑफ द सोर्ड कोस्ट’ १९९९ची. दुसरा भाग ‘शॅडोज ऑफ आम्न’ २०००चा, त्याची पुरवणी ‘थ्रोन ऑफ भाल’ २००१ची. नायक तोच, कथा सलग. नियम डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीचे. पुढे २०१२-१३ मध्ये दोन्ही भागांच्या ‘एन्हान्स्ड एडिशन’ म्हणजे सुधारित आवृत्त्या निघाल्या.

दुसऱ्या भागात नवीन पात्र बनवलं की त्याच्या खात्यात सुरुवातीलाच ८९,००० अनुभवगुण असतात. म्हणजे फायटर थेट सातव्या लेव्हलला आणि जादूगाराच्या पोथीत चौथ्या पातळीपर्यंतचे स्पेल. ज्याने एकही स्पेल कधी वापरलेला नाही त्याच्यापुढे पहिल्या तासातच ती भली मोठी यादी येते. पहिल्या भागात साधा जादूगार एका स्पेलवर सुरू होतो. दिवसाला एक. तो ‘स्लीप’ घेतला तर गिबरलिंगच काय, ओगरसुद्धा जमिनीवर लोळतो, पण वर्तुळात आपला फायटर असेल तर तोही झोपतो. हे एकदा घडलं की स्पेलचा घेर, टाकायला लागणारा वेळ आणि आपल्या माणसांची जागा या तिन्ही गोष्टी कायमच्या डोक्यात बसतात. दुसऱ्या भागात फायरबॉल टाकताना हेच कामाला येतं.

---

काजवा

तीव्र असहमत.

पहिल्या लेव्हलला शिकायला काही मिळत नाही, तिथे फक्त फासा चालतो. हिशोब बघा. फायटरचा थॅको (वार बसण्याचा मूळ आकडा) २०. समोरच्याचा आर्मर क्लास (बचावाचा आकडा, तो थॅकोतून वजा होतो) ७. विशीच्या फाशावर १३ किंवा जास्त पडायला हवेत, म्हणजे ४० टक्के. पाचातले तीन वार हवेत. जादूगाराचे हिट पॉइंट ४, कॉन्स्टिट्यूशन चांगलं असेल तर ६. एक बाण लागला की संपला. आणि नायक मेला की गेमच संपतो, त्याला जिवंत करायची सोय नाही. मग नवा माणूस काय करतो? सेव्ह, लोड, सेव्ह, लोड.

फ्रेंडली आर्म इनच्या पायऱ्यांवरचा जादूगार टारनेश आठवा. खेळ सुरू होऊन जेमतेम दोन-तीन नकाशे झालेले असतात आणि हा गडी ‘मिरर इमेज’ लावून ‘हॉरर’ टाकतो. अख्खी पार्टी घाबरून सैरावैरा पळते आणि पुढचा बराच वेळ खेळाडूने फक्त बघत बसायचं. यात कौशल्य कुठे आलं?

---

पोलादी

@काजवा, तुम्ही हिशोबाची अर्धीच बाजू मांडलीत. दुसरी बाजू आपल्या आर्मर क्लासची. तिथे आकडा जितका खाली तितका चांगला.

उघड्या अंगाने आर्मर क्लास १०. थॅको २० असलेल्या शत्रूला १० किंवा जास्त हवेत, म्हणजे त्याचे ५५ टक्के वार बसणार. स्प्लिंट मेल घाला, आकडा ४ होतो. मध्यम ढाल घ्या, ३. आता त्याला १७ हवेत, म्हणजे २० टक्के. त्याच पहिल्या लेव्हलच्या फायटरवर बसणारे वार निम्म्याहूनही कमी झाले, आणि यात नशीब कुठेच नाही. डोक्यावर हेल्मेट हवंच, कारण हेल्मेट असेल तर क्रिटिकल हिटचा दुप्पट मार बसत नाही. नॅश्केलच्या शेतात पुरलेलं अँखेगचं चिलखत थेट १ देतं. त्यावर साधी मोठी ढाल आली की ०. मग त्याच शत्रूला फक्त २० पडले तरच वार लागतो, म्हणजे ५ टक्के.

नव्या खेळाडूंची खरी चूक अशी की सहाही जण तलवार घेऊन पुढे धावतात. दोन चिलखतवाले पुढे, बाकीचे चार धनुष्यबाण किंवा गोफण घेऊन मागे, ही या गेमची मूळ मांडणी. धनुष्याला एका फेरीत दोन बाण सुटतात, तर पहिल्या लेव्हलला तलवारीचा साधारण एकच वार. शिवाय समोरचा जादूगार मंत्र म्हणत असताना त्याला एक बाण जरी लागला तरी स्पेल मोडतो. नॅश्केलच्या खाणीच्या तळाशी बसलेला शत्रू मुलाहे याच युक्तीने पडतो: आधी त्याच्यावर बाण, मग त्याने बोलावलेल्या कोबोल्ड आणि सांगाड्यांकडे बघायचं.

टारनेशला सामोरं जातानाही पार्टी एका घोळक्यात ठेवू नका. ‘हॉरर’चा घेर ठरावीक आहे. तिघे इकडे, तिघे तिकडे उभे असतील तर निम्मे तरी शाबूत राहतात, आणि मिरर इमेजची बनावट रूपं फोडायला बाण आहेतच. ऑटोपॉजमध्ये (ठरावीक घटना घडली की खेळ आपोआप थांबवणारी सोय) ‘शत्रू दिसला’ आणि ‘पात्र जखमी झालं’ हे दोन पर्याय आधीच चालू करून ठेवा.

---

काजवा

चिलखताचा मुद्दा मान्य, पण ते अँखेगचं चिलखत सापडतं कसं? शेतात एका बारीकशा जागेवर कर्सर न्यायचा. फ्रेंडली आर्मच्या मागे लपवलेली, पहिल्या पातळीचे स्पेल दुप्पट करणारी अंगठीही तशीच. कुठेही सूचना नाही, कोणी सांगत नाही. ज्याला माहीत त्याला मिळालं. याला शोध म्हणायला मी तयार नाही.

आणि नकाशे! काळं धुकं हटवत हटवत सगळा चौकोन पिंजून काढायचा आणि हाती लागायचे एक लांडग्यांचा कळप नि दोन ओळी बोलून गप्प होणारा वाटसरू. दुसऱ्या भागात असा एकही नकाशा नाही. तिथल्या अथकाटला शहराच्या प्रत्येक वस्तीत, प्रत्येक दारामागे काहीतरी घडतं.

सगळ्यात मोठं दुखणं वाट शोधण्याचं. मूळ गेममधले फायरवाइनचे अवशेष घ्या. बोळ इतके अरुंद की एका वेळी एकच माणूस जाईल. पुढचा थांबला की मागच्याला रस्ता बंद वाटतो आणि तो उलट्या वाटेने अख्ख्या तळघराला वळसा घालतो, थेट सापळ्यांवरून. कोबोल्ड मात्र मारले तरी पुन्हा पुन्हा येतात. इथे खेळाडूचं डावपेचांत काहीच चुकलेलं नसतं. इंजिन कमी पडतं.

---

मुक्ता

वाट शोधण्याच्या तक्रारीवर जुना उपाय आहे. मूळ आवृत्तीच्या सेटिंगमध्ये ‘पाथ सर्च नोड्स’ नावाचा आकडा असतो, तो ३२,००० पर्यंत वाढवता येतो. जुन्या संगणकांवर त्याने गेम अडखळायचा, आजच्या यंत्रावर फरक पडत नाही. तेवढ्याने फायरवाइन सुसह्य होतं असं नाही, पण नॅश्केलच्या खाणीत माणसं भलतीकडे भटकणं बरंच कमी होतं. खाणीत रांगेची रचना निवडा आणि एकदम लांबवर क्लिक न करता टप्प्याटप्प्याने पुढे न्या.

माझा प्रश्न वेगळा आहे. धागाकर्ते ‘पहिला भाग’ म्हणतात तेव्हा नक्की कुठला? एन्हान्स्ड एडिशनमधला पहिला भाग दुसऱ्या भागाच्या इंजिनवर आणि बऱ्याच अंशी त्याच्याच नियमांवर चालतो. मूळ गेममध्ये ‘मोठ्या तलवारी’ हे एकच कौशल्य घेतलं की लाँगसोर्ड, बास्टर्ड सोर्ड, दोन हातांची तलवार, सगळ्यांना लागू. एन्हान्स्डमध्ये प्रत्येकाचे गुण वेगळे. त्यात भर म्हणून दुसऱ्या भागातले किट्स, म्हणजे फायटर वगैरेंचे खास उपप्रकार, पहिल्या लेव्हलपासून मिळतात. बर्सर्कर घेतलात तर चिडलेल्या अवस्थेत त्याच्यावर हॉरर चालतच नाही. म्हणजे पोलादींनी सांगितलेली ती तिघे-तिघे उभं करण्याची शिस्त नायकापुरती तरी गैरलागू झाली. ज्या कोवळेपणासाठी पहिला भाग खेळा म्हणताय, तो एन्हान्स्डने बराच बोथट केला आहे. नीरा, डॉर्न, रसाद हे नवे सोबतीही मूळ पात्रांपेक्षा इतके जास्त बोलतात की जोड स्पष्ट दिसते.

---

तिसरा पहारा

@मुक्ता, नव्या माणसाला मी एन्हान्स्डच सुचवेन. मूळ गेम ६४० बाय ४८०च्या पडद्यासाठी केलेला, आजच्या स्क्रीनवर त्याच्याशी झगडण्यात उत्साह संपतो. पण पहिल्यांदा खेळताना किट न घेता साधा फायटर, साधा रेंजर किंवा फायटर-थीफ घ्यावा आणि नवे सोबती टाळावेत. एवढं केलं की तोल बराचसा मूळचा राहतो.

@काजवा, रिकाम्या नकाशांबद्दल. तो मोकळेपणा मला दोष वाटत नाही. लोखंडाच्या टंचाईने हैराण झालेला प्रदेश आहे. सडक्या लोखंडाची साधी हत्यारं ऐन लढाईत मोडतात. जवळ दुसरी तलवार ठेवावी लागते आणि पहिलं जादूई हत्यार हातात आलं की त्याची खरी किंमत कळते, कारण ते मोडत नाही. सुनसान रस्ते, लांबची चाल, वाटेत पडणारे दरोडेखोर, हे सगळं त्या टंचाईशी जुळतं. दर दहा पावलांवर एखादी नाट्यमय घटना असती तर हा परिणाम साधलाच नसता.

---

अर्धचंद्र

मला धागाकर्त्याचा मूळ दावाच कच्चा वाटतो. पहिला भाग दुसऱ्याची तयारी करून घेतो म्हणे. कशाची तयारी?

दुसऱ्या भागाचा गाभा म्हणजे जादूगारांच्या लढाया. समोरचा एका क्षणात स्टोनस्किन, इम्प्रूव्ह्ड इनव्हिजिबिलिटी, प्रोटेक्शन फ्रॉम मॅजिकल वेपन्स असे थर चढवतो. हे थर क्रमाने उतरवावे लागतात. अदृश्य असेपर्यंत त्याच्यावर नेम धरून स्पेल टाकता येत नाही, म्हणून आधी ट्रू साइट. मग ब्रीच, त्याने स्टोनस्किनसारखी लढाऊ संरक्षणं पडतात. मग तलवार. समोर लिच (मरूनही जिवंत राहिलेला जादूगार) असेल तर हाही क्रम चालत नाही, कारण त्याच्यावर पाचव्या पातळीपर्यंतचे स्पेल बेअसर आणि ब्रीच नेमका पाचव्या पातळीचा. हाती काहीच नसेल तर मॅजिकल वेपन्सचं संरक्षण चार फेऱ्या टिकतं, म्हणजे २४ सेकंद. तेवढा वेळ मागे सरकून काढायचा. स्टोनस्किन नसेल तर साधी, जादू नसलेली तलवारही अशा (लिच नसलेल्या) जादूगाराला लागते.

यातलं पहिल्या भागात काय शिकवलंय? दोन्ही पुरवण्यांसकट तिथली कमाल मर्यादा १,६१,००० अनुभवगुण, म्हणजे जादूगार नवव्या लेव्हलला थांबतो. धनुष्यबाणांनी सगळं निभावतं म्हणून माणूस बाणांवर विसंबतो, आणि दुसऱ्या भागात पहिल्याच मोठ्या जादूगारापुढे ते बाण स्टोनस्किनवर वाया जातात. ही तयारी नाही, चुकीची सवय आहे.

---

पोलादी

पुरवणी पहिल्या भागाला एकच आहे. ती नसेल तर मर्यादा ८९,०००, असेल तर १,६१,०००. बाकी तुमच्या मुद्द्यात दम आहे.

पण बाणांची सवय लागते हे पूर्ण खरं नाही. म्युटामिनची बाग घ्या, बॅसिलिस्कांची. तिथे धनुष्य घेऊन रांगेने उभे राहिलात तर नजरेने एकेकाचा दगड होणार, आणि नायकाचा झाला की खेळ खलास. ‘प्रोटेक्शन फ्रॉम पेट्रिफिकेशन’ हा पहिल्या पातळीचा स्पेल. तो एकाच फायटरवर टाकायचा, बाकीच्यांना नजरेच्या टप्प्याबाहेर ठेवायचं आणि त्या एकट्याला पाठवायचं. स्पेल संपायच्या आत त्याला परत आणायचं. मोठ्या बॅसिलिस्कचे ७,००० अनुभवगुण मिळतात. सहा जणांत वाटले तरी प्रत्येकी हजारावर जातात, आणि फायटरला दुसऱ्या लेव्हलला लागतात २,०००. योग्य संरक्षण, योग्य माणूस, योग्य वेळ: तुम्ही सांगितलेल्या लढाईची ही पहिली पायरीच झाली. फक्त म्युटामिन स्वतः जादूगार आहे हे विसरू नका, एकट्या फायटरला त्याच्यासमोर सोडू नका.

---

मुक्ता

पात्र पुढे नेण्याचा मुद्दा कोणीच काढला नाही. पहिल्या भागात कायमचे गुण वाढवणारे ग्रंथ सापडतात आणि ती वाढ दुसऱ्या भागात तशीच जाते. ताकदीचा ग्रंथ घ्या. १८ च्या पुढे कितीही टक्के असोत, एक वाढला की थेट १९. नेमाला ३, मारात ७ ची भर. थेट दुसऱ्या भागात बनवलेल्या मानवी फायटरला सुरुवातीला हे मिळत नाही.

आणि ज्यांना दोन्ही भाग एकसंध हवेत त्यांच्यासाठी ‘एन्हान्स्ड एडिशन ट्रिलॉजी’ हा मॉड (चाहत्यांनी बनवलेला बदल) आहे. तो दुसऱ्या भागाच्या एन्हान्स्ड आवृत्तीत पहिला भाग जोडतो. दोन्ही गेम आधी ताजे इन्स्टॉल करा. कुठलाही जुना सेव्ह पुढे चालवू नका, मॉड टाकून झाल्यावर नवा खेळ सुरू करा. शत्रूंची अक्कल वाढवणारा ‘सोर्ड कोस्ट स्ट्रॅटेजम्स’ हवा असेल तर तो क्रमात शेवटाकडे. तो आधी टाकला आणि मागून नवी पात्रं देणारा मॉड आला, तर त्या पात्रांना जुनीच अक्कल राहते. मधला एखादा मॉड काढायचा झाला तर त्याच्यानंतरचे सगळे काढून पुन्हा बसवले जातात. म्हणून आधी यादी ठरवा, मग हात लावा.

---

काजवा

एवढं सगळं वाचूनही माझं मत कायम आहे. ज्याला कथेसाठी खेळायचंय त्याने दुसऱ्यापासून सुरू करावं. दुसऱ्या भागातल्या आयरेनिकससारखा खलनायक पहिल्या भागात नाही. तिथला खलनायक सारेवोक जवळजवळ शेवटापर्यंत पडद्याआड असतो, मधली सगळी प्रकरणं पत्रं वाचण्यात जातात. दुसऱ्या भागाला सुरुवातीच्या तळघरातच पूर्वकथा पुरेशी कळते.

तरीही कोणी पहिला घेतलाच, तर निदान काय सोडायचं ते तरी सांगा.

---

तिसरा पहारा

पत्रांबद्दल: त्या पत्रांतूनच खाण, दरोडेखोरांचा तळ, क्लोकवुड आणि मग शहर असा माग लागतो. खलनायकाचं नाव उशिरा कळणं हाच तिथला रहस्याचा भाग आहे. आणि इमोएन, जाहीरा, खालिद, मिन्स्क, डायनाहेर या सोबत्यांबरोबर पहिला भाग घालवलेला नसेल, तर दुसऱ्या भागाच्या त्या पहिल्या तळघरात जे समोर येतं ते तुम्हाला फक्त माहिती म्हणून कळेल.

काय सोडायचं: फायरवाइनचे अवशेष बिनधास्त सोडा. किनाऱ्यालगतचे नकाशे लेव्हल तीन-चार झाल्याशिवाय नकोत. मिन्स्कला घेतलंत तर नॉलच्या किल्ल्याकडे लगेच निघा, उशीर केला तर तो बिथरतो. खालिद-जाहीरा बरोबर असतील तर नॅश्केलला जाणं फार लांबवू नका, तेही सोडून जातात. डर्लागचा मनोरा मात्र सोडू नका. सापळे शोधणारा चांगला थीफ घ्या, प्रत्येक खोलीत आधी त्याला पाठवा आणि बाकीच्यांना दारातच थांबवा. दोन पावलांवर सापळा नाही असं तिथे गृहीत धरू नका.