पुरात बुडालेलं सायकलचं दुकान: काय वाचतं आणि काय सोडून द्यायचं?

रविवारची_राइड:
मंडळी, पटकन मदत हवीये. आमच्या ग्रुपच्या सगळ्या सायकली ज्या दुकानात जातात ते दोन दिवस पाण्यात होतं. आज सकाळी पाणी ओसरलं, शटर कसंबसं वर केलं तर भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला खूण आणि खाली घोटाभर गाळ. वर टांगलेल्या सायकली कोरड्या आहेत पण जमिनीवरच्या चाळीसेक बुडाल्या, त्यातल्या निम्म्या नव्या आणि निम्म्या गिऱ्हाइकांच्या, दुरुस्तीला आलेल्या. हँडलला बांधलेल्या चिठ्ठ्यांचा लगदा झालाय त्यामुळे कुठली कोणाची तेच कळत नाहीये. दोन ई-सायकली पण आहेत. काका पायरीवर बसून एकच म्हणतायत, भंगारवाल्याला फोन लाव.

आम्ही दहा जण आहोत, उत्साह भरपूर, पण खरं सांगायचं तर अर्ध्यांना पंक्चरसुद्धा काढता येत नाही. एकाने प्रेशर वॉशर आणलाय आणि तो सुरू करायच्या तयारीत आहे. करू देऊ का? सायकली वाचतात का मुळात?

ग्रीसचे_हात:
आधी त्या प्रेशर वॉशरवाल्याला थांबवा!! जोराच्या पाण्याने बाहेरचा गाळ जातो तसा तो सील ओलांडून हबमध्ये (चाकाचा मधला भाग), बीबीमध्ये (बॉटम ब्रॅकेट, पेडलचे दांडे जिथे फिरतात तो भाग), हेडसेटमध्ये (हँडल फिरतं तिथलं बेअरिंग) पण जातो. साधा पाइप, हलकी धार, मऊ ब्रश, बस.

आणि त्याच्याही आधी मेन स्विच बंद आहे ना ते बघा. बंद नसेल आणि तिथवर जायला पाण्यातूनच जावं लागत असेल तर कोणी हिरोगिरी करू नका, वीजवाल्यांना बोलवा. सगळ्यांना गमबूट आणि हातमोजे द्या. पुराच्या पाण्यात गटार असतं, उंदरांचं मूत असतं, हातावर जखम असलेल्याने तर गाळात हात घालूच नये. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असाच होतो. नंतर कोणाला ताप आला तर डॉक्टरला सांगा की पुराच्या गाळात काम केलंय.

आता सायकली. माझं पण दुकान आहे, एकदा पाणी घुसलंय, आणि मी जी चूक केली ती सांगतो. पहिल्या दिवशी सगळ्या सायकली बाहेर काढून धुवून पुसून चकाचक केल्या, लोक कौतुक करून गेले, आतलं निवांत बघू म्हटलं. आठवड्याने एकेक चाक फिरवलं तर करकर करकर. गाळ ओला असतो तोवर निघतो, वाळला की सिमेंट, आणि पाणी आतल्या आत स्टील खात बसतं. म्हणून बाहेरची चमक शेवटी, आत साठलेलं पाणी आधी.

प्रत्येक सायकलची सीट पोस्टसकट काढा (किती वर होती तिथे टेप लावा) आणि सायकल उलटी करा. सीट ट्यूबमधून जे काळं पाणी येईल ते बघून धक्का बसेल. बीबीखाली भोक असेल तर तारेने मोकळं करा. टायर-ट्यूब उतरवून रिम टेप काढा, डबल वॉल रिममध्ये पाणी अडकतं आणि बाहेरून अजिबात कळत नाही. आणि हे करताना उगाच चाकं गरागरा फिरवून बघू नका, सगळ्यांना तो मोह होतो, पण आत वाळू असते, प्रत्येक फेरीला कप आणि कोन (छर्रे ज्यांच्यामध्ये फिरतात ते भाग) घासले जातात.

एवढं सगळं नवशिके करू शकतात. हब आणि बीबी उघडणं फक्त काकांनी किंवा ज्याला येतं त्यानेच करावं. सुट्या छर्ऱ्यांचा हब म्हणजे रॉकेलमध्ये धुवायचा, छर्रे नवे टाकायचे, ग्रीस नवं. साधारण पुढे ३/१६ इंचाचे १० एका बाजूला, मागे १/४ चे ९, पण काढताना मोजा, गृहीत धरू नका. कोनवर खड्डे दिसले तर कोन पण बदला. सील बेअरिंग फिरवून खरखर लागली तर सरळ नवं. फ्रीव्हील रॉकेलमध्ये बुडवून ठेवा, नंतर आत पातळ तेल सोडा, ग्रीस नको, आतले कुत्ते (चाक एकाच दिशेने पकडणारे खटके) चिकटतात.

ब्रेक-गिअरच्या केबल बाहेरच्या नळीसकट सगळ्या बदला, वाचवण्यात वेळ घालवू नका. डिस्क पॅड पण गेले समजा. टायर-ट्यूबला काही होत नाही, धुवा आणि सावलीत वाळवा. चामड्याची सीट असेल तर ती पण सावलीतच, उन्हात ठेवली की तडकते.

दोनचाकी_वेडा:
केबल वगैरे कशाला बदलायच्या, डब्ल्यूडी-४० मारा सगळीकडे आणि काम खल्लास

ग्रीसचे_हात:
@दोनचाकी_वेडा डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, ४० म्हणजे चाळिसावा फॉर्म्युला. पाणी हटवायला भारी आहे, धुतल्या धुतल्या चेनवर, बोल्टवर मारा, जरूर मारा. पण त्यावर दोन दिवसांत तेल द्यावंच लागतं. आणि हबमध्ये मारलात तर जे थोडं ग्रीस उरलंय ते पण धुऊन जाईल.

व्होल्ट_आणि_वळण:
ई-सायकलबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. चालू करून बघू नका, चार्जरला तर अजिबात लावू नका. बुडालेली लिथियम बॅटरी वरून कोरडी दिसली तरी आत शॉर्ट होऊ शकते आणि कधीकधी कित्येक दिवसांनी पेट घेते. मोटर नंतर बघा, बॅटरी आजच हलवा. गरम लागत असेल, फुगली असेल, वास किंवा सिसकारी येत असेल तर हात लावू नका, सगळ्यांना लांब करा आणि अग्निशामकला फोन. तसं काही नसेल तर बाहेर मोकळ्या जागी, भिंतीपासून, गाड्यांपासून लांब ठेवा. भंगारात टाकू नका, कंपनीला विचारा. आमच्या ओळखीत एकाने उन्हात वाळवून चार्जिंगला लावली होती, नशीब चांगलं म्हणून अंगणात लावली होती.

कंप्रेसर बुडाला असेल तर त्याची मोटर पण इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय सुरू करू नका.

खतावणी:
थोडं कागदाचं बोलतो, तुम्ही सगळे पान्हे घेऊन धावताय पण धुवायच्या आधी फोटो काढले का? भिंतीवरची खूण, दुकानाचा एकूण व्हिडिओ, मग एकेका सायकलचा. विमा असेल तर आजच कळवा आणि सर्वेअर येऊन जाईपर्यंत खराब माल फेकू नका. तो यायला चार दिवस लागले तर तोवर सायकली गंजत ठेवायच्या असं नाही, नुकसान वाढू नये म्हणून धुणं-वाळवणं करता येतं, पण फोनवर विचारून घ्या आणि कोणाशी कधी बोललात ते लिहून ठेवा. बदललेले पार्ट पोत्यात साठवा.

चिठ्ठ्यांचं: फ्रेम नंबर बघा. बहुतेक सायकलींना बीबीच्या खाली ठोकलेला असतो, तुम्ही त्या उलट्या करणारच आहात तेव्हाच ब्रश मारून वाचा आणि फोटोत घ्या. गिऱ्हाइकांकडे बिल असेल त्यावर नंबर सापडेल, नसेल तर जुने फोटो. आणि नुसतं "ही निळी माझी" म्हणणाऱ्याला देऊ नका, निळ्या पाच निघतात.

पैशांचं. ग्रुपवाले हमखास सुचवतात की सगळ्यांनी सर्व्हिसिंगचे पैसे आगाऊ देऊ. छान आहे, पण ते कर्जच असतं हे विसरू नका, सगळे एकाच महिन्यात सायकल घेऊन आले तर काका फुकटात राबतील आणि पार्ट आणायला पैसे नसतील. द्यायचेच तर ठरवून घ्या, चार-सहा महिन्यांत वाटून यायचं आणि पार्टचे पैसे त्या वेळी वेगळे.

दोनचाकी_वेडा:
नव्या सायकली धुवून डिस्काउंटमध्ये विकून टाका ना, कोणाला कळतंय

ग्रीसचे_हात:
कळतं. सहा महिन्यांनी सीट पोस्ट निघत नाही तेव्हा कळतं. स्टीलची पोस्ट ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये पाण्यासकट राहिली की अशी जाम होते की करवत लावावी लागते, आणि ते गिऱ्हाइक मग त्याच दुकानात येऊन उभं राहतं. विका, पण पूर्ण खोलून भरलेली आणि बिलावर स्पष्ट "पुरात भिजलेली" असं लिहून. मी तशाच विकल्या, घेणारे मिळाले. विम्यात क्लेम केलेल्या मात्र परस्पर विकू नका, त्या कोणाच्या ते आधी ठरू द्या.

अजून एक, क्रम लावताना महागडी कार्बन आधी घेऊ नका. दूध-पेपर टाकणारे, कामावर जाणारे यांच्या सायकली आधी. त्यांचा रोजचा पगार त्यावर असतो. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत वर्ल्ड बायसिकल रिलीफ या संस्थेने २४ हजारांवर सायकली दिल्या त्या याच कारणासाठी, सगळं वाहून गेलेल्या माणसाला कामावर, शाळेत, दवाखान्यात पोचायचं असतं. तुमची रविवारची राइड थांबू शकते (टोमणा नाही, आयडी वाचून सुचलं).

रविवारची_राइड:
टोमणा पोचला 😄

अपडेट देतो, आज सहावा दिवस. विमा फक्त नव्या मालाचा निघाला, सर्वेअर काल येऊन गेला. बॅटऱ्या मागच्या मोकळ्या जागेत पत्र्यावर ठेवल्यात, कंपनीवाले नेणार म्हणतात, अजून नेल्या नाहीयेत. आम्ही दोघं दोघं अशा जोड्या केल्या: एक सीट काढून उलटी करणार, दुसरी फ्रेम नंबर वाचून वहीत लिहिणार, पुढची धुणार. काका पहिले दोन दिवस नुसते बघत होते. तिसऱ्या दिवशी आमच्यातल्या एकाने मागच्या हबमध्ये छर्रे एका बाजूला ८ आणि दुसऱ्या बाजूला १० भरले, तेव्हा मात्र उठले, त्याच्या हातातून चाक काढून घेतलं आणि तेव्हापासून स्टुलावरून हललेले नाहीत. पेपरवाल्या पोराची सायकल काल गेली, दोघा वॉचमनच्या आज संध्याकाळी. गिऱ्हाइकांच्या सतरा ओळखल्या गेल्या, तीन राहिल्यात, आणि हो, तिन्ही निळ्या आहेत.

एक प्रश्न उरलाय. काकांकडे जुनी कॉटर पिनवाली (पेडलचा दांडा म्हणजे क्रँक जिने धुरीवर पक्का बसतो ती पाचर) एक काळी सायकल आहे, त्यांची स्वतःची, पिना दोन्ही गंजून बसल्यात. हातोडीने मारू का म्हटलं तर ओरडले, पण स्वतः पण काढत नाहीयेत. काय करू?

ग्रीसचे_हात:
हातोडी थेट मारू नका, आट्यांचं टोक पसरतं आणि मग पिन बाहेरच येत नाही. पेनिट्रेटिंग ऑइल घालून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी नट सैल करून पिनच्या टोकाबरोबर आणा, खालून क्रँकला लोखंडी पाइपचा भक्कम टेकू द्या, आणि मग मध्ये पितळी तुकडा धरून एकच जोरदार ठोका. दहा हलके नकोत. तो ठोका मात्र काकांनाच मारू दे.