मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे चढे भाव: अंक जगताहेत की कपाटात अडकताहेत?

पिवळी_पानं (धागाकर्ता)

जुन्या इंद्रजाल कॉमिक्सच्या बाजारात सध्या जे चाललंय ते मला पटत नाही. त्यावर सगळ्यांचं मत हवं आहे, विरोधी मत तर नक्कीच.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. टाइम्स ऑफ इंडियावाल्या बेनेट, कोलमन कंपनीने मार्च 1964 मध्ये इंद्रजाल सुरू केलं. पहिल्याच अंकात वेताळाच्या (म्हणजे इंग्रजीतल्या फँटमच्या) कमरपट्ट्याची गोष्ट होती. नंतर जादूगार मँड्रेक आला, अंतराळात लढणारा फ्लॅश गॉर्डन आला, 1976 मध्ये आबिद सुरतींचा भारतीय नायक बहादूर आला. मासिकाचं पाक्षिक झालं, पाक्षिकाचं साप्ताहिक झालं आणि 1990 मध्ये सगळं बंद पडलं. 800च्या आसपास अंक. इंग्रजी, हिंदी, मराठी आणि इतर काही भाषांत.

आता मुद्दा. सुरुवातीच्या वर्षांतला मराठी अंक धड अवस्थेत दिसला की भाव थेट चार आकड्यांवर जातो. व्हॉट्सॲप गटांवर लिलाव लागतो आणि त्यात बोली लावणारी माणसं बघा, तीच ती. आज एकाने घेतलेला अंक दोन वर्षांनी दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे. प्रत्येक फेरीत किंमत वाढते, पण वाचतं कोण? अंक प्लास्टिकच्या पिशवीत जातो आणि पुढच्या लिलावालाच बाहेर येतो.

यातलं सगळ्यात वाईट म्हणजे बाइंड केलेल्या खंडांची कत्तल. पूर्वी गल्लोगल्ली खाजगी वाचनालयं होती. ती दहा-बारा अंक एकत्र शिवून, पुठ्ठा लावून ठेवायची, म्हणजे रोजच्या भाड्याने दिले तरी टिकायचे. ते खंड आज कुठे सापडले की विक्रेते पहिलं काम करतात ते ब्लेड घेऊन शिवण कापायचं. का? कारण खंडाला गिऱ्हाईक कमी, सुटा अंक महाग. मग वाचनालयाचा शिक्का खरवडायचा, दाभणाची भोकं दिसू नयेत म्हणून कडा छाटायची. छाटलेली प्रत पुढे 'कडा किंचित कमी' म्हणून विकली जाते. त्या शिक्क्यावर गावाचं नाव असतं, वाचनालयाचं नाव असतं. सोलापूरच्या किंवा चिपळूणच्या मुलांनी हा अंक हाताळला याचा तो एकमेव पुरावा असतो. तो दोनशे रुपये जास्त मिळावेत म्हणून पुसला जातो.

माझं म्हणणं सरळ आहे. हे भाव जतनाचे नाहीत. या भावांमुळेच नुकसान होतंय.

जुना_बाजार_पुणे

मी विकतो, त्यामुळे माझी बाजू आधीच सांगून टाकतो.

धागाकर्ते म्हणतात भावांमुळे अंक मरताहेत. भाव नव्हते तेव्हा काय होत होतं? घर बदललं, आजोबा गेले, दिवाळीची साफसफाई निघाली की अख्खी पेटी रद्दीत. किलोवर. तिथून थेट कागद गिरणीत. ऐंशीच्या दशकात इंद्रजाल दर आठवड्याला निघत होतं. त्या मानाने आज मराठी अंक किती उरलेत बघा. बाकीचे लगद्यात गेले. ते भावाने नाही गेले, भाव नसल्याने गेले.

आज माझ्या ओळखीचा रद्दीवाला गठ्ठ्यात कॉमिक दिसलं की बाजूला काढून फोन करतो. कॉमिक्सवर त्याचं प्रेम नाही. त्याला दोन पैसे सुटतात म्हणून करतो. पण अंक गिरणीत जाण्यापासून वाचतो ना?

आणि एक अंक विकायला काय लागतं तेही ऐका. गठ्ठा घेतला की निम्मे अंक बाद. पिना गंजून मधलं पान निसटलेलं, मलपृष्ठावरच्या जाहिरातीतलं कूपन कापलेलं, शेवटची पानं गायब, वेताळाला पेनाने मिशा काढलेल्या, कसरीने पानं चाळणी केलेली. कोकणातून आलेला गठ्ठा तर हमखास दमट, पानं एकमेकांना चिकटलेली. त्यातून दहा विकण्यालायक निघाले तर पूर्ण गठ्ठ्याची किंमत त्या दहांवरच वसूल करावी लागते.

कडा छाटणं चूकच आहे, ते मी करत नाही. खंड मात्र मी सोडवतो, म्हणजे शिवण काढून अंक सुटे करतो, हे उघड सांगतो.

एडिसन_न्यूजर्सी

इथे अमेरिकेत हा बाजार फार जुना आहे, म्हणून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

1938 साली सुपरमॅनची पहिली गोष्ट ज्या अंकात आली, त्या ॲक्शन कॉमिक्स क्रमांक 1 ची किंमत होती 10 सेंट. त्याची एक प्रत एप्रिल 2024 मध्ये 60 लाख डॉलरला गेली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये 1939 सालच्या सुपरमॅन क्रमांक 1 ची प्रत 91 लाख 20 हजार डॉलरला गेली, तीही कुणाच्या घराच्या माळ्यावर सापडलेली. अशा बातम्या आपल्याकडच्या गटांवर लगेच फिरतात आणि प्रत्येकाला आपलं कपाट सोन्याचं वाटायला लागतं.

पण ते अंक महाग का? दुसऱ्या महायुद्धात इथे जुना कागद गोळा करायच्या मोहिमा झाल्या, मुलांनीच गठ्ठेच्या गठ्ठे देऊन टाकले. कुणी जपून ठेवलं नाही म्हणून ते दुर्मिळ. याच्या उलट 1992 मधला सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक, काळ्या पिशवीत बंद केलेला. लोकांनी 'पुढे कामाला येईल' म्हणून पाच-पाच प्रती घेतल्या, पिशवीसुद्धा फोडली नाही. छापल्या लाखोंनी आणि जपल्याही लाखोंनी. आज त्याला फारसा भाव नाही. त्या दशकातली सट्टेबाजी फुटली तेव्हा दुकानं धडाधड बंद झाली आणि 1996 च्या डिसेंबरात मार्वल कंपनीनेच दिवाळखोरी जाहीर केली.

2020-21 मध्ये लोक घरात अडकले, हातात पैसा होता, तेव्हा परत भाव भडकले. त्यानंतरच्या दोन वर्षांत मधल्या दर्जाचे अंक चांगलेच उतरले. शिखरावरचे मूठभर अंक चढत राहिले, बाकीचे बसले. माध्यमांत दिसतं ते शिखर.

आपल्या इंद्रजालमध्ये माझ्या मते धोका असा आहे की खरेदीदार एकाच वयाचे आहेत. लहानपणी वाचलेलं पन्नाशीत, साठीत परत मिळवायचं म्हणून घेताहेत. पुढच्या पिढीने हे वाचलेलंच नाही. सुपरमॅनचे नवे सिनेमे येतात, नवा वाचक तयार होतो. मराठीतल्या वेताळाला नवा वाचक कुठून येणार? म्हणून गुंतवणूक म्हणून कुणी घेत असेल तर कळकळीने सांगतो, घेऊ नका.

जुना_बाजार_पुणे

गुंतवणुकीबद्दल सहमत. मी गिऱ्हाइकाला कधीच 'भाव वाढेल' म्हणून अंक विकत नाही.

पण अमेरिकेची फूटपट्टी इथे लावू नका. तिथे 2000 सालापासून सीजीसीसारखी संस्था आहे. ती अंक तपासते, अर्ध्यापासून दहापर्यंत गुण देते आणि प्लास्टिकच्या डबीत बंद करते. आपल्याकडे फोटो आणि विश्वास यांवर व्यवहार चालतो.

वाचनवेडी_नागपूर

डबीत बंद! म्हणजे अंक उघडायचाच नाही. पानं आत आणि आपण बाहेर. मला हे समजूच शकत नाही. कॉमिक म्हणजे चित्र आणि गोष्ट. ते नाणं नाही की टपालाचं तिकीट नाही.

मला हे अंक हवेत ते वाचायला. पन्नाशीतली बाई आहे, मास्तरकी करते, एका अंकाला दोन-तीन हजार घालू शकत नाही. मग माझ्यासारखीने काय करायचं? दोन हजार सालानंतर काही लोकांनी स्वखर्चाने अंक स्कॅन करून नेटवर ठेवले. मी माझी अर्धी भूक त्यांच्यावर भागवली आहे आणि त्यांची ऋणी आहे. या बाजाराने मला एकही गोष्ट दिली नाही. त्या लोकांनी दिल्या.

खरा उपाय पुनर्मुद्रण. तमिळमध्ये बघा. शिवकाशीहून मुत्तू कॉमिक्स आणि लायन कॉमिक्स कितीतरी वर्षं निघताहेत. जुन्या गोष्टी परत छापतात, युरोपातल्या नव्या आणतात आणि तिथला वाचक आगाऊ पैसे भरून अंक मागवतो. त्यांची लोकसंख्या आपल्याहून जास्त आहे का? नाही. मराठी माणूस जुन्या अंकाला तीन हजार देतो, पण नव्या छापील कॉमिकला दोनशे द्यायचे म्हटलं की हात आखडतो. हे बोलायला हवंच.

कोल्हापूरकर

ताई, स्कॅनबद्दल थोडा आदराने विरोध. वेताळ, मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन यांचे हक्क अमेरिकेतल्या किंग फीचर्स या कंपनीकडे आहेत. आवडतं म्हणून कुणीही नेटवर चढवावं, हे बरोबर नाही. पुनर्मुद्रण करायचं तरी रीतसर परवाना घ्यावा लागेल, आणि मराठीपुरता परवाना परवडेल इतके वाचक दाखवावे लागतील.

दुसरं म्हणजे, या गोष्टी मुळात अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत चित्रपट्ट्या म्हणून यायच्या, म्हणजे गोष्ट तर त्या पट्ट्यांच्या संग्रहातही मिळेल. इंद्रजालचं वेगळेपण मुखपृष्ठात होतं. बी. गोविंद, म्हणजे गोविंद ब्राह्मणिया, यांनी रंगवलेली ती मुखपृष्ठं इथली, भारतातली. ती अमेरिकेतल्या कुठल्याही आवृत्तीत नाहीत. बहादूरची चित्रंही त्यांचीच. भगवा कुर्ता, खाली जीन्स, चंबळचे डाकू आणि गावकऱ्यांचं नागरिक सुरक्षा दल. ती मुखपृष्ठं त्या कागदावर, त्या छपाईत हातात घेऊन बघणं आणि पडद्यावर बघणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी पैसे मोजतो ते त्या मुखपृष्ठासाठी आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

अमर चित्र कथेचं वेगळं आहे. ती मालिका 1967 पासून सुरू आहे आणि अजून छापली जाते, म्हणून तिथे गोष्ट कुणालाही मिळते. संग्राहक फक्त इंडिया बुक हाउस या मूळ प्रकाशकाच्या जुन्या छपाईच्या मागे असतात. मुखपृष्ठावरची किंमत आणि मागची जाहिरात बघून छपाई ओळखतात. अनंत पै यांनी लिहिलेला आणि राम वाईरकरांनी चितारलेला कृष्ण, ज्याचा क्रमांक 11 आहे, त्याची पहिली छपाई मिळणं अवघड. पण तो कृष्ण वाचायचा असेल तर आज दुकानातून आणा. वाचक आणि संग्राहक एकमेकांच्या आड येत नाहीत. इंद्रजालचं असं झालं असतं तर हा वाद उरलाच नसता.

वाचनवेडी_नागपूर

हक्कांचं म्हणणं कायद्याने बरोबर आहे, ते मान्य. पण हक्कदार मराठीत छापत नाहीत, मूळ प्रकाशकाने 1990 नंतर पाठ फिरवली आणि कागद दर पावसाळ्यात आणखी पिवळा पडतोय. वर्तमानपत्राच्या जातीचा कागद आहे, तो स्वतःच्या आम्लानेच झिजतो, पिशवीत ठेवला तरी. आणखी तीस वर्षांनी तुमच्या कपाटातली पानं हातात घेतली की तुटतील. त्या दिवशी स्कॅनच उरणार आहे.

ठाण्याची_लेक

मी संग्राहक नाही. हा धागा वाचत होते कारण बाबा गेल्यावर त्यांचं कपाट उघडलं. त्यात इंद्रजालचे बाइंड केलेले सहा खंड आहेत, सगळे मराठी, एका बंद पडलेल्या वाचनालयाचा शिक्का असलेले. शिवाय चांदोबाचे सुटे अंक. एकाने फोनवर खंडांची किंमत सांगितली, ती ऐकून मी थक्क झाले. दुसरा म्हणाला, सोडवून द्या, दुप्पट देतो. एक नातेवाईक म्हणतात ग्रंथालयाला देऊन टाक.

बाबा ते खंड आम्हाला हात लावू द्यायचे, पण पान दुमडलं तर ओरडायचे. मला पैशांची गरज नाही असं नाही. काय करू?

पिवळी_पानं (धागाकर्ता)

ताई, कृपा करून सोडवून देऊ नका. शिक्का असलेले सलग सहा मराठी खंड एकाच ठिकाणी, हे माझ्या पाहण्यात तरी नाही.

ग्रंथालयाबाबत विचारपूर्वक ठरवा. 1954 च्या कायद्याने प्रकाशकांनी पुस्तकाची प्रत कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्लीच्या ठरावीक ग्रंथालयांना द्यायची असते, पुढे त्यात नियतकालिकंही आली. पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कॉमिकला पुस्तक मानतच नाहीत. बालविभागात ठेवलं तर दोन वर्षांत चिंध्या होतात, नाहीतर 'निर्लेखन' होऊन, म्हणजे नोंदीतून काढून टाकून, परत रद्दीत. देणार असाल तर लेखी घ्या की खंड मोडणार नाहीत, विकणार नाहीत आणि मागणाऱ्याला बसून वाचता येतील.

विकायचंच ठरलं तर आधी प्रत्येक पानाचा फोटो काढून तुमच्याकडे ठेवा. अंक क्रमांक, छापील किंमत, मुखपृष्ठ, जाहिराती, शिक्का. शेवटच्या वर्षांत सलग क्रमांक जाऊन खंड-अंक (व्हॉल्यूम-नंबर) अशी क्रमांकाची पद्धत आली, त्यामुळे कुठला अंक कुठे बसतो यावर अजून घोळ होतो. मराठीची पडताळलेली यादी तुमच्या सहा खंडांवरून बरीच पुढे सरकेल. यादी करायला मी ठाण्याला यायला तयार आहे.

कोल्हापूरकर

खंड उलगडताना पाठ 180 अंशात सपाट करू नका, शिवण तुटेल. खाली दोन उशा ठेवून अर्धवट उघडा. फ्लॅश वापरू नका, खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात काढा. कपाटात कसर दिसली तर डांबराच्या गोळ्या पानांना लावू नका, कागदात वेगळ्या ठेवा.

जुना_बाजार_पुणे

ताई, सुटे करून दुप्पट हा हिशेब खरा आहे, तुम्हाला फसवलेलं नाही. अख्खे सहा खंड एकत्र विकायचे तर किंमत बरीच खाली येईल आणि गिऱ्हाईक मिळायला वर्षही लागू शकतं. धागाकर्त्यांना शिक्का प्यारा आहे, पण तुमचं नुकसान ते भरून देणार नाहीत, हेही कुणीतरी सांगायला हवं.

मी घेतो, न सोडवता. सुट्याचा भाव देऊ शकत नाही. खंडाचा जो भाव तुम्हाला फोनवर सांगितला तोच देईन, आणि पुढे विकताना न मोडण्याच्या अटीवर विकेन. मात्र ती अट पुढचा माणूस पाळेल याची हमी मी देऊ शकत नाही.

पिवळी_पानं (धागाकर्ता)

ही हमी देता येत नाही म्हणूनच मी धागा काढला. ताई, निर्णय तुमचा. पण विक्रीच्या आधी यादी होऊ द्या. येता रविवार चालेल का?

ठाण्याची_लेक

रविवारी सकाळी या. वाचनवेडी ताई, तुम्हाला नागपूरहून येणं जमणार नाही, पण फोटो काढून झाले की बहादूरचे अंक आधी तुम्हाला दाखवते. वाचायला. विकायचं की नाही ते त्यानंतर ठरवेन.